मागोमाग जाणं इतकं सोपं नाही

समुद्र तापला तर मासे थंड पाण्याकडे सरकतील आणि त्यांना खाणारेही मागोमाग जातील, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. 2014 ते 2016 दरम्यान अलास्का-कॅलिफोर्नियाकडचा समुद्र तापला, तेव्हा कॉडसारख्या मोठ्या माशांची भूकच वाढली, कारण माशाचं शरीर पाण्याबरोबर तापतं. त्यात छोटे मासे कमी, आणि होते तेही हाडकुळे.

मर नावाच्या काळ्या-पांढऱ्या समुद्रपक्ष्याला रोज स्वतःच्या निम्म्या वजनाइतके हेच छोटे मासे लागतात. तीन-चार दिवस उपास घडला की संपलं. सुमारे 62,000 मर मरून किनाऱ्याला लागले, छातीचं मांस पार झडलेलं. प्रत्यक्षात मेले ते याच्या कितीतरी पट. पाणी निवल्यावरही अलास्कातल्या त्यांच्या वसाहती वर्षानुवर्षं भरल्या नाहीत. फार वाईट वाटतं.