मदत हवी आहे: टिन-१३२ (डी,पी) सिम्युलेशनमध्ये दोन पीक एकमेकांत मिसळतायत

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. टिन-१३२ चा ६३० एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) बीम ड्युटेरियमवर (जड हायड्रोजन) आदळतो, टिन-१३३ तयार होतं आणि प्रोटॉन मागे फेकला जातो, म्हणजेच (डी,पी) अभिक्रिया, असं सिम्युलेशन आहे. टार्गेट ड्युटेरेटेड पॉलिथिनचं, १ मिलिग्रॅम प्रति चौ. सेंमी, बीमला काटकोनात. सिलिकॉन स्ट्रिप डिटेक्टर बीमच्या दिशेपासून १२० ते १६० अंशांत, रिझोल्युशन ५० केईव्ही (एमईव्हीचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही). तरी १५० अंशांना टिन-१३३ ची ग्राउंड स्टेट (सर्वांत कमी ऊर्जेची) आणि तिच्यावरची ८५४ केईव्हीची अवस्था मिळून एकच ढिगारा दिसतो. चुकतंय कुठे?
दुसरं, डीडब्ल्यूबीएमध्ये (अशा अभिक्रियांचा हिशोब करायची नेहमीची पद्धत) पोटेन्शियल बदललं की स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर (ती अवस्था किती शुद्ध एक-न्यूट्रॉन अवस्था आहे त्याचं माप) हलतो. मग खरा कोणता धरायचा?

काजवा:
डिटेक्टर बदलून उपयोग नाही, टार्गेट जाड झालंय. जड बीम हलक्या टार्गेटवर आला की मागच्या कोनांना उर्जेतलं अंतर दाबलं जातं. तुमच्याच आकड्यांनी हिशोब केला तर १५० अंशांना ग्राउंड स्टेटचा प्रोटॉन साधारण १.०५ एमईव्हीचा आणि ८५४ वाल्याचा ०.७६ चा. म्हणजे ८५४ चं अंतर २९० केईव्हीवर आलं. आता १ एमईव्हीचा प्रोटॉन तुमच्या टार्गेटच्या मागच्या पृष्ठभागाजवळ जन्मला, तर उलट बाहेर पडताना जवळपास त्या २९० केईव्हीएवढीच ऊर्जा गमावतो. पुढच्या पृष्ठभागाजवळ जन्मला तर जवळजवळ काहीच नाही. वर तिथवर पोचलेला बीमही मंदावलेला असतो, आणि इथे क्यू-व्हॅल्यू (अभिक्रियेत सुटणारी ऊर्जा) शून्याजवळ असल्याने प्रोटॉनची ऊर्जा बीमच्या प्रमाणात उतरते. दोन्ही तुटी एकाच दिशेने. पीक मिसळणारच.

अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत याच अभिक्रियेचा प्रयोग झाला (निकाल २०१० साली छापून आले), त्यात टार्गेटची प्रभावी जाडी १६० मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी होती. तेवढी घालून बघा. १२० अंशांना अंतर ४६० केईव्ही मिळतं, पण तिथे ऊर्जा दर अंशाला ५० केईव्हीने बदलते. तेव्हा स्ट्रिपची रुंदी आणि बीमस्पॉट (टार्गेटवर बीम पडतो तो ठिपका) दोन्ही सिम्युलेशनमध्ये हवेत. बहुतेक जण बीमस्पॉट बिंदूएवढा धरतात आणि मग स्पेक्ट्रम खोटाच सुंदर दिसतो.

पंचवटीकर:
दुसऱ्या प्रश्नाचं. ड्युटेरॉनची बंधनऊर्जा जेमतेम २.२२ एमईव्ही, वाटेतच तो फुटतो. साध्या ड्युटेरॉन पोटेन्शियलमध्ये हे नीट येत नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या पोटेन्शियलमधून बांधलेलं जॉन्सन-सोपर ॲडियाबॅटिक वापरा, फ्रेस्को या अभिक्रियांच्या प्रोग्राममध्ये सहज बसतं. बद्ध न्यूट्रॉनच्या विहिरीची त्रिज्या (१.२५ फर्मी गुणिले वस्तुमानांकाचं घनमूळ) आणि डिफ्यूजनेस (कडेची पसरट जाडी) ०.६५ फर्मी हेही सोबत लिहा. अभिक्रिया केंद्रकाच्या कडेला होते, त्यामुळे त्रिज्या किंचित वाढवली तरी फॅक्टर घसरतो. त्या मानाने एएनसी (केंद्रकाबाहेरच्या न्यूट्रॉनच्या तरंगफलाच्या शेपटीचं माप) कमी हलतो, तोही द्या.

प्रत्यक्ष प्रयोगात नॉर्मलायझेशन (मोजणीचं प्रमाण ठरवणं) इलॅस्टिक, म्हणजे नुसत्या टकरीने उडालेल्या ड्युटेरॉनवरून करतात. ते ९० अंशांच्या थोडे अलीकडे सापडतात. बीमखाली टार्गेटमधलं ड्युटेरियम कमी होत जातं, म्हणून वजनकाट्यावरच्या जाडीवर भरवसा नको. शिवाय कार्बनवरच्या फ्यूजनचे प्रोटॉन-अल्फा वजा करायला नुसत्या कार्बन टार्गेटवर वेगळा रन लागतो.

आणि कोनीय वितरण फक्त एल (न्यूट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग) सांगतं. ८५४ ची अवस्था एल=१, ग्राउंड स्टेट एल=३. 'जे' (स्पिन धरून एकूण कोनीय संवेग) ठरवायला शेल मॉडेलचाच आधार घ्यावा लागतो.

गोदाकाठ:
१६० केल्यावर दोन्ही पीक सुटे झाले. पण २००५ केईव्हीची अवस्था १५० ला गायबच आहे.

काजवा:
डिटेक्टरचा थ्रेशोल्ड (याखालचे सिग्नल टाकून दिले जातात) किती ठेवलाय?

गोदाकाठ:
अर्धा एमईव्ही.

काजवा:
मग बरोबर. १५० ला तो प्रोटॉन ०.४३ चाच असतो. १२० ला ०.८७ चा मिळेल, तिथून घ्या. फक्त काटकोनातल्या टार्गेटमधून त्या दिशेला दुप्पट जाडी पार करावी लागते. डिटेक्टर ज्या बाजूला आहे तिकडे टार्गेटचा चेहरा थोडा वळवा, आणि वळवल्यावर बीमच्या वाटेत जाडी किती झाली तेही पुन्हा काढा.