नैराश्य आणि वजनांचा व्यायाम: जिमला जाववत नाही त्या दिवशी तुम्ही काय करता?

नमस्कार मंडळी,

वय ४३, मिरजेत राहते, शाळेत शिकवते. आषाढापासून नैराश्यावर गोळ्या चालू आहेत. झोप लागते, भूकही परतली, पण सकाळी चहा ठेवायचा म्हटलं तरी अंग शिशासारखं जड. आधी चालून बघितलं. एकटीने चालताना डोक्यातलं दळण जास्तच सुरू व्हायचं. म्हणून डॉक्टरांना विचारून दोन महिन्यांपूर्वी जिम लावली.

स्क्वॅट करताना मात्र डोकं गप्प होतं. खांद्यावर नुसता २० किलोचा रॉड असतो. पण खाली बसताना श्वास, टाचा आणि आकडा, बाकी काही उरत नाही. कितीतरी दिवसांनी मला असं रिकामं वाटतंय.

अडचण वहीची आहे. दर वेळचं वजन लिहिते. तीन आठवडे आकडा हललेला नाही, आणि गेल्या आठवड्यात दोनदा गेलेच नाही. त्या कोऱ्या ओळी बघून रडू आलं. २०१८ साली जामा सायकिअ‍ॅट्री या मानसोपचाराच्या वैद्यकीय नियतकालिकात ३३ चाचण्यांचा, १८७७ लोकांचा एकत्र अभ्यास आला होता. वजनांच्या व्यायामाने उदासी कमी झाली, आणि ताकद किती वाढली याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही. हे वाचून धीर आला, तरी मन आकड्यातच अडकतं.

सासूबाई म्हणतात, बरी दिसतेस, आता गोळ्या कशाला? त्या मी डॉक्टरांशिवाय बंद करणार नाही, त्यावर सल्ला नको. अंथरुणातून उठवत नाही त्या दिवशी काय करता, आणि वहीत काय लिहिता, तेवढं सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी यातून गेलोय. वाईट दिवसासाठी घरचा वेगळा व्यायाम ठरवून ठेवा: खुर्चीवरून ८ वेळा उठबस, भिंतीला हात टेकवून ८ जोर, ५ लिटरचा तेलाचा कॅन कमरेपर्यंत ओढणं. संपलं. वहीत तेही लिहायचं, म्हणजे ओळ कोरी राहत नाही. मी वजनाशेजारी 'आधी मन कसं, नंतर कसं' असे दहापैकी गुणही लिहितो. काही गोळ्यांनी उठताना गरगरतं, तेव्हा सावकाश उठा. वाईट दिवस वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. रात्री-अपरात्री फारच असह्य झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

धागाकर्ती:
दादा, आत्ताच स्वयंपाकघरात खुर्ची ओढून केलं. आधी ३, नंतर ४. लिहिलंय. कॅन उद्या, आज तो अर्धाच आहे.