शब्बाथचा विसावा नेमका कोणाचा?

म्हापशेकर:
'देवानेसुद्धा सातव्या दिवशी विश्रांती घेतली' हे वाक्य ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून मी लहानपणापासून ऐकतो. गोव्यात ते बहुधा सुशेगाद, म्हणजे निवांत, राहण्याच्या बाजूने येते. मला ते पटत नाही. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस. तो शब्द ज्या 'शाबात' या हिब्रू क्रियापदाशी जोडलेला आहे, त्याचा मूळ अर्थ थांबणे; दमणे त्यात नाही. देव दमून बसला नव्हता.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. 'निर्गम' या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात शब्बाथचे कारण सृष्टीची निर्मिती आहे; 'अनुवाद' या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात मात्र कारण मिसरातले, म्हणजे इजिप्तमधले, दास्य आहे. तू दास होतास हे आठव आणि थांब. कोणी थांबायचे याची यादीही तिथेच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा म्हणून.

कोकणातल्या बेने इस्रायलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा! मला ही आज्ञा त्या बैलामुळे कळली.

माझे दुकान दुपारी एक ते चार बंद असते. मी घरी जेवून आडवा होतो, आणि शटरमागे कामाचा मुलगा माल लावत असतो. त्या तीन तासांना विसावा म्हणायची मला आता लाज वाटते.

वास्कोची नर्स:
दादा, मी मूळची नगरची, घरात मराठी बायबल वाचत वाढले. तुमची यादी खरी आहे, पण तुम्ही वाटेतच थांबलात. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' मत्तयच्या ११व्या अध्यायात येशू वार सांगत नाही, स्वतःकडे बोलावतो. इब्री लोकांस पत्राच्या ४थ्या अध्यायात म्हटले आहे की मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने लोकांना वचनदत्त देशात नेले, तरी त्यांना खरा विसावा मिळाला नव्हता. मिळाला असता तर पुढे दाविदाच्या स्तोत्रात 'आज' असा दुसरा दिवस पुन्हा ठरवला नसता. तो विसावा अजून बाकी आहे.

रविवारी माझी रात्रपाळी असते. अंथरुणाला खिळलेल्या आजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवते. वाळलेल्या हाताचा माणूस येशूने शब्बाथच्या दिवशीच बरा केला. मग मी त्या विसाव्याबाहेर आहे का?

म्हापशेकर:
ताई, तुम्ही बाहेर नाही. पण विसावा पूर्णपणे आतला, मनातला केला की मालकांची सोय होते. 'मन शांत ठेव' म्हणायचे आणि सुट्टी द्यायची नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ऐन हंगामात काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मांडवीकाठ:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. पणजीत गार्सिया द ओर्ता यांच्या नावाची बाग आहे. हा वैद्य १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपाखाली गोव्यात जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची हाडेही उकरून जाळली. शनिवार पाळणे ही इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, लेखी संशयाची मोठी खूण होती. विसाव्याचा दिवस माणसाला चितेपर्यंत नेऊ शकला, तो याच गोव्यात.

रविवारचीही तीच कथा. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारी न्यायालये आणि शहरातली कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला, पण शेतकऱ्याला शेतीची मुभा ठेवली. म्हणजे राबणारा राबतच राहिला. सत्तेच्या हातात विसावा देऊ नका, एवढेच माझे म्हणणे.

म्हापशेकर:
बाब, कातारिनाचे मला माहीत नव्हते. त्या बागेत मी कितीदा बसलो आहे. पण मालकाच्या मर्जीवर सोडले तर? मी मर्जीचाच मालक आहे आणि मुलगा अजून शटरमागेच आहे. येत्या रविवारपासून त्याला पूर्ण सुट्टी द्यायचे ठरवले आहे.

वास्कोची नर्स:
द्या दादा. पण पगार कापू नका. निर्गमच्या १६व्या अध्यायात रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, पडायचा, तो सहाव्या दिवशी दुप्पट गोळा व्हायचा. सातव्या दिवशी कोणी उपाशी राहिले नाही.