कॉलेजच्या टायमाला एसटी पाहिजे, नेमकं कुणाला भेटावं?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, तालुक्यापासून २३ किलोमीटर. गावाचं आन् डेपोचं नाव मुद्दाम लिहीत न्हाई. तर झालंय असं की आमच्याकडं सकाळी साडेसहाला निघणारी गाडी होती, रात्री गावातच मुक्कामी राहायची. दोन वर्षं झाली मुक्काम बंद झाला, तवापासून पहिली गाडी तालुक्याहून येती आन् गावातून निघायला तिला सव्वानऊ होतात, कॉलेज भरतं आठला. आमचं गाव आन् रस्त्यावरची तीन गावं मिळून ४१ पोरंपोरी आहेत, मी स्वतः वही घेऊन मोजलेत. पोरं मोटरसायकलवर तिघं तिघं बसून जायलेत. पोरींना बारावीपर्यंत पास फुकट हाय पण गाडीच न्हाई तर त्या पासची काय पूजा करायची? काळीपिवळीवाला जाऊन येऊन ८० घेतो आन् सीट भरल्याशिवाय जागचा हलत न्हाई. माझी पुतणी बारावीला हाय, भाऊ म्हणायलाय राहू दे आता घरीच.

आजपर्यंत आमदारांचं पत्र झालं, दोन निवेदनं झाली, एकदा रास्ता रोको पण झाला, पेपरात फोटो आला (मी मागच्या रांगेत, अर्धाच दिसतोय). पुढं काहीच न्हाई. तिकडं ७०१ किलोमीटरची समृद्धी झाली, वंदे भारत जालन्याहून पुढं नांदेडपर्यंत आली, मग आमच्या २३ किलोमीटरला एक गाडी कामून मिळंना? हे प्लॅनिंग कोण करतं आन् कुठं बसून करतं, कुणाला माहीत असलं तर सांगा.

लातूरकर_पुण्यात:
भाऊ मराठवाड्यात प्लॅनिंगचं नाव काढू नका, नगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली १९९५ ला आणि बीडच्या स्टेशनात पहिली गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे ३० वर्षं, आणि ते पण परळीपर्यंत नाही नुसतं बीडपर्यंत, आणि खर्चात अर्धा वाटा राज्याचा होता तरी ही तऱ्हा. मनमाड-नांदेड लाईन घ्या, बहुतेक एकेरीच, क्रॉसिंगला गाडी थांबली की खाली उतरून चहा पिऊन परत चढता येतंय. छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली २०२५ ला. आणि गंमत बघा, नगर-पुणे पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला, तेव्हा आपण अजून निजामात होतो, पण आपल्याकडं निजामाच्या रेल्वे खात्यानं सरकारी बस १९३२ लाच सुरू केलती. म्हणजे सुरुवातीला पुढं होतो की आपण! मग गाडी मागं कुठं राहिली?

गोदाकाठचा:
@लातूरकर_पुण्यात दादा सगळं पटतंय पण पोरीची बारावी फेब्रुवारीत हाय.

खाकी_सदरा:
मी कंडक्टर होतो, एकतीस वर्षं, आता रिटायर. गोदाकाठचे भाऊ, तुमची चूक एवढीच झाली की तुम्ही गाडी मागितली. गाडी सगळेच मागतेत. तुम्ही मुक्काम मागा.

समजून घ्या कसं असतं. डेपोत गाडी म्हणजे एक शेड्यूल, त्याला ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी लावलेली असती, पहाटेपासून रात्रीपर्यंत ती कुठं कुठं फिरणार हे कागदावर बांधलेलं असतं. मुक्कामी गाडी संध्याकाळी बाजारहाट करून परतणारे घेऊन भरून जाती आन् सकाळी कॉलेजची पोरं, दवाखान्याचे पेशंट, कचेरीची कामंवाले घेऊन भरूनच येती. दोन्हीकडून भरलेली. आता मुक्काम काढला की तुम्हाला साडेसहाला गाडी द्यायची तर ती डेपोतून साडेपाचला काढावी लागती आन् २३ किलोमीटर रिकामी पळवावी लागती. तेवढं डिझेल जळलं, तिकीट एक न्हाई, भारमान (म्हंजी गाडी किती भरली त्याचा हिशेब) पडलं, फेरी तोट्यात. मग वरून विचारणा होती ही फेरी कशाला चालवता. म्हणून कंट्रोलर म्हणतो आठनंतर सोडा, निदान जाताना तरी चार मानसं बसतील. झाली तुमची सव्वानऊ. कुणी तुमच्यावर डूख धरलेला न्हाई.

मुंबईत बसून तुमच्या गावची वेळ कुणी ठरवत न्हाई. आगार व्यवस्थापक प्रस्ताव बनवतो, विभाग नियंत्रक मंजूर करतो, बस. आमदाराचं पत्र तिथंच येतं आन् फाईलला लागतं, कारण त्यात लिहिलेलं असतं "बससेवा सुरू करावी". कोणत्या टायमाला, किती मानसं, रात्री गाडी कुठं उभी राहणार, काहीच न्हाई. तुम्ही जी वही केली ना ४१ जणांची, ती खरी कामाची. मुख्याध्यापक आन् प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी यादी करा, पोरापोरीपुढं पास नंबर लिहा, चारी ग्रामपंचायतींचे ठराव जोडा आन् मुक्काम कुठं करणार ते ठरावातच लिहा.

आन् एक गोष्ट, तुम्हाला राग येईल पण विचारतो. मुक्काम बंद कामून झाला ते गावात विचारलं का? मी नोकरीत मारुतीच्या पारावर झोपलोय, शाळेच्या व्हरांड्यात झोपलोय, एका गावात तर गाडीच्याच बाकड्यावर सहा महिने. संडासला लोटा घेऊन बांधावर. बारा तास ड्युटी करून मानूस असा झोपला की पहाटे स्टेअरिंग कसं धरल? जोडी नाखूश झाली की डेपो पहिला मुक्काम काढतो.

तिकिटाचं पण सांगतो. ७५ च्या पुढचे म्हातारे गर्दीत तिकीट न घेताच बसतेत, फुकटच हाय म्हणून. तसं करू नका. शून्याचं तिकीट मागून घ्या. ते मशीनमधून निघालं तरच त्या मानसाचे पैसे महामंडळ सरकारकडं मागणार, आन् तरच कागदावर दिसणार की गाडीत मानूस होता.

काळीपिवळी_०७:
८० रुपयावर बोट ठेवलं म्हणून लिहायलो. मी त्याच धंद्यात हाय, तुमच्या तालुक्यात न्हाई पण हिशेब तोच. एसटीनं जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के भाडं वाढवलं तवा रास्ता रोको केलता का? मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं तवापासून आमच्याकडं बाया बसंनात, रिकाम्या सीटा घेऊन हलावं तर डिझेल कोण टाकणार. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिलपर्यंत संपात सगळ्या मराठवाड्याचे बाळंतपणाचे पेशंट कुणी नेले? तवा आम्ही देवमानूस होतो. असो. मुक्कामी गाडी मागा, मिळती का बघू.

आष्टीची_ताई:
खाकी_सदरा काका बरोबर सांगतात. मी मानव विकासच्या (शाळा-कॉलेजच्या पोरींसाठीची सरकारी योजना) निळ्या बसनं शिकले, ती बस नसती तर दहावीनंतर माझं लग्नच लागलं असतं. पण तिचा पण घोळ असायचा, सुट्टी लागली की बस बंद आणि प्रॅक्टिकल सुट्टीतच. शिवाय आषाढी आली, कुठं मोठी सभा असली, लग्नसराईत करारावर गाड्या गेल्या की पहिल्या रद्द व्हायच्या त्या आमच्यासारख्या गावांच्या फेऱ्या, कारण मेन रोडवरची रद्द केली की लगेच बोंब होते आणि गावात बोंब मारायला असतंच कोण, फाट्यावर आम्ही सात पोरी. म्हणून फेरी रद्द झाली की तारीख-वेळ लिहून ठेवायची सवय करा, आमच्या मॅडमनी तीन महिन्यांची वही दाखवली तेव्हा साहेब नीट बोलले.

आणखी एक, कॉलेजला पण विचारा ना. आठच्या जागी साडेनऊ का नाही? आमच्या प्राचार्यांनी अर्धा तास पुढं ढकललं होतं नुसत्या बसच्या टायमासाठी.

लातूरकर_पुण्यात:
ताई साडेनऊ केलं की क्लासेसवाले सोडतील का? आमच्या लातुरात तर पोरं पहाटे क्लासला जातात, कॉलेज म्हणजे हजेरी.

आष्टीची_ताई:
खेड्यातल्या पोरींना कुठले हो क्लासेस दादा.

गोदाकाठचा:
खाकी_सदरा काका, तुम्ही म्हणलात तसं कालच्याला विचारलं गावात. शाळेतल्या जुन्या गुरुजींनी सांगितलं, ते ऐकून मान खाली गेली. ती जोडी समाजमंदिरात झोपायची, तिथली लाईट बिल न भरल्यानं कापली, मग व्हरांड्यात झोपायला लागले, आन् श्रावणात एका रात्री पाऊस आत आला तर ड्रायव्हर काका दोन वाजता कुणाचं तरी दार वाजवत होते, कुणी उघडलं न्हाई. महिनाभरात मुक्काम बंद. आन् आम्ही रास्ता रोको केला त्यांच्यावर!

आता ठरलंय असं की ग्रामपंचायतीची जुनी खोली हाय तिला दार-खिडकी बसवायची, शेजारच्या अंगणवाडीच्या संडासची एक चावी जोडीला द्यायची. जेवणाचं बचत गटाच्या बाया बघतो म्हणाल्या, पैसे घेऊन. यादी ४१ ची ४६ झाली, दोन मास्तर आन् तीन नर्सबाई पण त्याच गाडीच्या गिऱ्हाईक निघाल्या. अडचण एकच, रस्ता ग्रामसडक योजनेतला, पावणेचार मीटर, आन् गाडी वळायची जागा गावठाणात होती तिथं सरपंचांच्या भावानं कडब्याची गंज लावलीय. त्याला कोण सांगणार?

खाकी_सदरा:
रस्ता बघायला डेपोतून मानूस येतो, तो पहिलं वळायची जागाच बघतो, मग लोंबकळणाऱ्या तारा आन् बाभळीच्या फांद्या. तो यायच्या आधी गंज हलली पाहिजे, न्हाईतर शेरा मारून जाईल आन् पुन्हा लवकर यायचा न्हाई. नळकांडी पूल हाय का मधी? उसाचे ट्रॅक्टर जात असले तर गाडी जाती. वळायच्या जागेचा फोटो टाका इथं, कडब्यासकट टाका, बघून सांगतो.