कोगनोळीचा नाका आणि पोस्टेज
कोल्हापूरहून चपला मागवल्या तर निपाणी-बेळगाव ‘दुसरं राज्य’ (कर्नाटक) म्हणून विक्रेता जादा पोस्टेज लावणारच, असं कुणीकुणी म्हणतं ते अर्धंच पटतं. खासगी कुरिअरवाले झोन (दरासाठी पाडलेले विभाग) बघतात खरं, पण स्पीड पोस्टाचा दर वजन आणि अंतरावर ठरतो. कोल्हापूर-निपाणी जेमतेम ४० किलोमीटर. मध्ये राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका आला म्हणून टपाल महागत नाही.

आणि विक्रेत्याला खोक्याचं माप विचारा. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची (सेंटीमीटरमध्ये) गुणून ५००० नं भागतात, येईल तेवढे किलो धरतात. मला आलेल्या चपला किलोभरही नव्हत्या, खोकं मात्र ३०×२५×२०, म्हणजे ३ किलो! आत निम्मे कागदाचे बोळे. विक्रेता मागाहून फोन करून ‘पोस्टेजचे अजून शंभर पाठवा’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे डिलिव्हरीसकट एकूण किंमत आधीच दाखवावी लागते. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.