मदत हवी आहे: क्विल्टच्या पुस्तकातली मापं जुळत नाहीत, आणि आत भरायचं काय?

कपाशी (अमळनेर)

नमस्कार मंडळी,

शिवणकाम मला येतं म्हणजे अभ्रे, पडदे, परकर, पोरींचे फ्रॉक इतपत. भाचीने परदेशातून येताना क्विल्टिंगची, म्हणजे तिकडच्या तुकडे जोडून केलेल्या गोधड्यांची, दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि तेव्हापासून संध्याकाळच्या मालिका सुटल्या. जेवणं आवरली की पुस्तक घेऊन पंख्याखाली बसते. शिवायचं राहू द्या, नुसतं वाचायलाही मजा येते. त्यात लॉग केबिन नावाचा एक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, आहे. मधे लाल चौकोन, त्याच्याभोवती एकेक पट्टी फिरवत न्यायची, दोन बाजू फिक्या आणि दोन गडद. मधला लाल म्हणजे घरातली चूल, असं तिकडे मानतात. तेच ब्लॉक नुसते फिरवून मांडले की कधी शंकरपाळे दिसतात, कधी तिरप्या रेघा. मी कागदाचे तुकडे रंगवून ते जमिनीवर मांडत बसते आणि घरातले माझ्यावरून उड्या मारत ये-जा करतात.

आता अडचणी.

सुरुवात सोप्या नऊ चौकोनांच्या ब्लॉकने केली. पुस्तक म्हणतं, साडेतीन इंचांचे चौकोन कापा, पाव इंचावर शिवा, ब्लॉक साडेनऊ इंच भरेल. माझा सव्वानऊ भरतो. कापलेले चौकोन पट्टीने परत मोजले, बरोबर साडेतीन आहेत. मग पाव इंच जातो कुठे?

दुसरं, आत भरायचं काय? पुस्तकात कापसाची तयार शीट सांगितली आहे. इथल्या दुकानात पॉलिस्टरची फुगीर शीट दाखवतात, ती अंगावर घेऊन मे महिन्यात कोण झोपणार? कपाशीच्या मुलखात राहून आत काय भरू हे विचारावं लागतंय, आता काय बोलायचं.

तिसरं, मशीन जुनं, पायाचं, काळ्या डोक्याचं. सरळ टीप मात्र सुरेख घालतं. त्यावर जाड थर शिवता येतील का हातानेच टाके घालू?

आणि अशी आणखी पुस्तकं कुठे मिळतील, घेताना काय बघावं, तेही सांगा.

सासूबाईंना आम्ही जिजी म्हणतो. त्यांनी चौकोनांची चळत बघून एवढंच विचारलं, "धडधाकट कापड फाडीसन परत जोडानं, हाई कोनतं शहानपन शे व माय?" त्यांनाही उत्तर द्यायचं आहे.

आगाऊ धन्यवाद.

दोन सूत (धुळे)

ताई, मी धंद्याने शिंपी. तुमचा पाव इंच शिवणीत गेलाय.

तीन चौकोनांच्या ओळीत दोन शिवणी. पाव इंच कमी भरतोय म्हणजे दर शिवणीला एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त खाल्लं जातंय. शिवणीत कापडाच्या दोन कडा असतात, म्हणजे एका कडेला अर्धं सूत. पुस्तकाचं पाव इंच म्हणजे आपलं दोन सूत, तुमची टीप अडीच सुतावर पडतेय. ब्लाउज-परकराला अर्ध्या सुताने काही बिघडत नाही, शिवाय आपण दाबाच्या पायाच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाच्या) कडेला कापड लावून मारत जातो. ती कड सुईपासून पाव इंचावरच असेल असं नाही. सात ब्लॉकची ओळ केलीत तर ब्लॉक जोडायच्या शिवणी धरून अडीच इंच गायब होतील, आणि एका ओळीत कमी, दुसरीत जास्त झालं तर कोपरे जन्मात भेटायचे नाहीत.

उपाय फुकट आहे. सुई हाताने खाली आणा, तिच्या उजवीकडे पट्टीने पाव इंच मोजा आणि तिथे प्लेटवर जखमेला लावायची चिकटपट्टी चार-पाच थर करून चिकटवा. कापड पुढे ढकलणारे दात मोकळे ठेवा. कापड त्या थराला टेकवून चालवायचं, दाबाच्या पायाकडे बघायचंच नाही.

मग परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारीशेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि सगळं मिळून साडेतीन इंच भरलं पाहिजे. मधली एकापेक्षा कमी भरली तर चिकटपट्टी केसभर आत घ्या. शिवण दुमडताना कापडाची जाडीही थोडं माप खाते, म्हणून टीप दोन सुतांच्या किंचित आतच बरी.

इस्त्री घासू नका, उचलून ठेवत जा. घासली की कापड तिरकं ताणतं. एका ओळीच्या शिवणी डावीकडे पाडा, पुढच्या ओळीच्या उजवीकडे. जोडताना उंचवटे एकमेकांत अडकतात आणि कोपरा हाताला कळतो.

मिरचीचा ठेचा

मी बटण लावण्यापर्यंतच पोचलोय पण धागा वाचतोय. जिजींना उत्तर काय दिलं ते कळवा.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

आत काय भरायचं ते मी सांगते. उन्हाळ्यासाठी फुगीर काहीच भरू नका! वरचा जोडलेला थर, खाली एक सुती कापड आणि मधे जुनी धुऊन मऊ झालेली सुती चादर किंवा धोतर, बस. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला जातो, त्याला फुगीर क्विल्ट कशाला? पहाटे कूलर अंगावर येतो तेवढ्यापुरतं हे पुरतं.

थंडीसाठी दोन वाटा. फलालीन मधे घाला, पण ती धुतल्यावर चांगलीच आटते, म्हणून आधी गरम पाण्यातून काढून वाळवा. नाहीतर पिंजाऱ्याकडून सरकी काढलेला कापूस पिंजून घ्या. मात्र मोकळा कापूस घातलात तर टाक्यांच्या ओळी दाट हव्यात, दोन बोटांवर एक धरा. रजईसारख्या लांबलांब ओळी मारल्या तर पहिल्याच धुण्यात कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो. पुस्तकवाले आठ-दहा इंच मोकळे सोडा म्हणतात, ते त्यांच्या शीटसाठी. ती सुयांनी टोचून घट्ट केलेली असते, म्हणून सरकत नाही. आपला कापूस तसा नसतो.

पॉलिस्टर शीट घ्यायचीच तर शंभर जीएसएमच्या (चौरस मीटरला शंभर ग्रॅम) आसपासची पातळ मागा. दुकानदार आपणहून जाड दाखवतो.

वर-खाली शुद्ध सुतीच. टेरिकॉटचा एखादा तुकडा मधे आला तर इस्त्रीत तो आटतो आणि शेजारचा आटत नाही, मग ब्लॉक फुगतो. आणि सगळं नवं कापड आधी धुवा. जिजींना हे पटेल.

कपाशी (अमळनेर)

दादा, चिकटपट्टी लावली आणि ब्लॉक साडेनऊ! शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवताना आता हेच उदाहरण देणार.

ताई, जिजींचं एक जुनं नऊवारी आहे, चांगलं मऊ झालेलं, तेच मधे घालते.

आता नवीन भांडण. तीन थर एकत्र शिवताना पुस्तक म्हणतं, मध्यापासून सुरू करा आणि कडेकडे जा. जिजी म्हणतात, असं कुठे असतं का? गोधडी कडेपासून धरायची, चारी बाजू आधी पक्क्या करायच्या आणि टाका आत आत न्यायचा. दोघांपैकी खरं कोण? पुस्तकवाल्या बाईंनी इतकी चित्रं काढली आहेत त्या उगाच नसतील, आणि जिजींच्या गोधड्या अख्ख्या घराने पांघरल्यात.

वाघूरकाठ

दोघीही खऱ्या आहेत, वस्तू वेगळ्या आहेत.

आमच्या आईला गोधडी घालताना लहानपणापासून बघत आलोय. ती उन्हाळ्यात, शेतीची कामं नसताना, ओसरीवर लुगडं अंथरायची. चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे. वर जुन्या कपड्यांचे थर, कड आत दुमडून आधी कडेची ओळ, मग तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं चौकोनात फिरत मध्यापर्यंत. यात एक गोष्ट लक्षात घ्या, तिचा वरचा थर आधी मापात शिवून तयार केलेला नसायचा. तुकडे जागेवर ठेवत, कड दुमडत ती पुढे जायची. कुठे कापड सैल झालं तर पुढच्या तुकड्याची कड थोडी जास्त दुमडली की सैलपणा तिथेच मुरला. म्हणून कडेपासून धरलेलं चालतं. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, घालतात तीही अशीच कडेपासून आत, आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. ती नसली तर कवंदी उघडी दिसते म्हणे.

तुमच्या पुस्तकातला वरचा थर मात्र आधीच इंचाइंचाने जोडून पक्का झालाय. त्याच्यात दुमडून मुरवायला जागा उरलेली नाही. कडा आधी बांधल्या तर सगळा सैलपणा मध्यावर येऊन चुण्या पडणार. म्हणून मध्यापासून ढकलत कडेबाहेर काढायचा. त्यासाठीच खालचं कापड वरच्यापेक्षा चारी बाजूंनी तीनेक इंच मोठं ठेवायला सांगतात.

थर सरकू नयेत म्हणून आधी तळहाताच्या अंतराने कच्चा दोरा घाला किंवा सेफ्टी पिना लावा. खालचं कापड फरशीवर ताणून चिकटपट्टीने लावून घ्या, पण तंबूसारखं ताणू नका. सोडल्यावर ते आखडतं आणि वरचा थर सुरकुततो.

मशीनचं म्हणाल तर पूर्ण गोधडी त्या डोक्याखाली गुंडाळून घालताना खांदे भरून येतात. एकेक ब्लॉक भरावासकट शिवून मग ब्लॉक जोडायची पद्धतही आहे, ती तुमच्या पुस्तकात असेल. मी तुमच्या जागी असतो तर तुकडे मशीनवर जोडले असते आणि थर हाताने शिवले असते. नऊवारी मधे घालणार असाल तर सुई लोण्यासारखी जाईल.

पान उलटा (जळगाव)

पुस्तकांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मला या पुस्तकांचं व्यसन आहे, करते त्याच्या दहापट वाचते.

घेताना पुस्तक कधीचं आहे ते बघा. जपानच्या ओल्फा कंपनीने चाकासारखं फिरणारं कटर १९७९ मध्ये आणलं. त्यानंतरची अमेरिकन पुस्तकं हळूहळू त्याच कटरवर आली: लांब पट्ट्या कापा, शिवा, परत आडव्या कापा. त्याला कटर, खाली मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी लागते. त्याआधीच्या पुस्तकांत पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कात्री. आपल्यासारख्यांना ती जुनी पुस्तकंच जास्त सोयीची पडतात. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे साचे उत्तम होतात. जुनी स्कॅन केलेली पुस्तकं इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर वाचायला मिळतात, तिथे अर्धा दिवस सहज जातो.

जपानी हस्तकलेची पुस्तकं मिळाली तर सोडू नका. अक्षर कळत नाही पण आकृत्यांवरून सगळं कळतं. मापं सेंटिमीटरमध्ये असतात आणि बऱ्याचदा शिवणीची जागा धरलेली नसते, ती आपण वाढवायची. पॅचवर्कला ते साधारण ७ मिलिमीटर धरतात.

कापडाचा हिशोब पुस्तकावर सोडू नका. तिकडचं कापड ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) धरलेलं असतं. आपलं रुबिया किंवा पॉपलिन ३६ पन्ह्याचं आलं तर साडेतीन इंचांचे चौकोन आडवे बाराच्या जागी दहाच बसतात. एका यार्डात १२० ऐवजी १००. यार्ड ३६ इंचांचा, मीटर घेतलात तर वर सव्वातीन इंचांहून थोडं जास्त मिळतं, आणि यार्डातला उरलेला एक इंच त्यात मिळवला की आणखी एक ओळ बसते.

आणि कोपरे अगदी भेटलेच पाहिजेत असंही नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांच्या क्विल्ट केल्या, रेघा वाकड्या, पट्ट्या कमीजास्त. त्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये मांडल्या होत्या. फोटो शोधून जिजींना दाखवा.

दोन सूत (धुळे)

ते ठीक आहे, पण आधी माप येऊ द्या, मग वाकडं करा.

कपाशी (अमळनेर)

हा हा, दादा!

जिजींना फोटो दाखवले. बराच वेळ मोबाईल हातात धरून बघत होत्या, मोठं करून करून. मग म्हणाल्या, त्या बाईकडे पण धड कापड नव्हतं वाटतं. त्यानंतर पेटीतून स्वतःहून दोन लुगडी काढून दिली. एक गडद लाल आहे, लॉग केबिनच्या मधल्या चौकोनांना अगदी हवं तसं. पण रंग सुटेल का? बाकीचं सगळं फिकं आहे. आणि तुकडे जोडायला आणि हाताने दाट टाके घालायला सुई कोणती?

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

एक तुकडा गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास ठेवा, मग ओला असतानाच पांढऱ्या कापडावर दाबून इस्त्री करा. डाग उमटला तर परत धुवा, पाणी निवळ होईपर्यंत. मीठ-व्हिनेगरवर भरवसा ठेवू नका. तरीही सुटतच राहिला तर तो लाल खालच्या थराला किंवा वेगळ्या गोधडीला, फिक्यात नको.

दोन सूत (धुळे)

तुकडे जोडायला मशीनला १४ नंबरची सुई आणि साधा सुती दोरा. थर हाताने शिवताना लांब, बारीक, मोठ्या नेढ्याची सुई घ्या, दाभण नको, कापडाला भोकं राहतात. दोरा हातभरच ओवा, लांब ओवला की पीळ पडून गाठी होतात. मधल्या बोटाला अंगुस्तान घालाच. जुनं लुगडं कापताना काठाजवळचा भाग वेगळा ठेवा, तो वेगळ्या तऱ्हेने ताणतो. काठ गोधडीच्या कडेला पट्टी म्हणून लावा, शोभेल आणि टिकेलही.