मदत हवी आहे: चाकणच्या फेऱ्या कमी करून व्हिडिओ मीटिंगवर काम कसं भागवावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. एसजी आयर्नची (ग्राफाइटचे कण गोल असलेलं, चिवट ओतीव लोखंड) कास्टिंग करतो, मोठं गिऱ्हाईक चाकणला. तिकडे माल अडला की फोन येतो, "येऊन जा." मग पहाटे चारला गाडी काढायची, सहापदरीकरणाची डायव्हर्जन पार करत साडेदहाला गेटवर पोचायचं, गेटपास करायचा, आणि मीटिंग चालते पाऊण तास. घरी यायला रात्रीचे अकरा. महिन्याला अशा चार-पाच फेऱ्या. आजवर त्या काका करायचे. गणपतीनंतर त्यांच्या मणक्याचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय. मी गेलो तर भट्टीकडे बघायला मागे कोणी नाही.

तिकडच्या क्वालिटीच्या साहेबांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "तीन महिने व्हिडिओवर करून बघू." त्यांनी एवढं समजून घेतलं, म्हणूनच मला हे जमवायचंच आहे. पण पहिल्या दोन्ही मीटिंगा फसल्या.

पहिल्या वेळी ब्रॅकेटमधला ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं छिद्र) लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होतो. त्यांना नुसता काळा डाग दिसत होता, हात जरा हलला की फोकस जायचा. ब्लोहोल की श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी), यावरच बोलणं अडलं आणि फुकटचं झूम ४० मिनिटांनी बंद पडलं.

दुसऱ्या वेळी नोड्युलॅरिटीची, म्हणजे ग्राफाइटचे कण नीट गोल झालेत का याची, शंका होती. काका अशा वेळी सगळ्यांसमोर पीसवर हातोडी मारतात. चांगला पीस घंटेसारखा खणखणतो, बिघडलेला बद्द वाजतो. मी इकडे हातोडी मारली, तिकडे काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. शिवाय त्यांची सहा माणसं एका खोलीत आणि टेबलाच्या टोकाला एकच लॅपटॉप. मशीन शॉपचे सुपरवायझर लांबून काहीतरी सांगत होते, मला एक शब्द कळला नाही. प्रत्यक्ष गेलं की हेच गृहस्थ काकांना मशीनपाशी नेऊन टूल नेमकं कुठे तुटतं ते दाखवतात. अर्धं उत्तर तिथेच मिळतं. ते मला व्हिडिओवर कसं मिळेल?

कुणी असं काम रोज करत असेल तर कृपया सांगा. कॅमेरा कुठला घ्यावा? आणि कुठल्या कामाला जायलाच हवं?

प्रतिसाद १

नवा कॅमेरा घेऊ नका. फोन स्टँडला लावा आणि त्यावरूनही त्याच मीटिंगला जोडून घ्या, मागचा कॅमेरा चालू ठेवून. फोनचा माइक आणि आवाज दोन्ही बंद, नाहीतर लॅपटॉपशी मिळून शिट्टी वाजेल. पीस हातात धरू नका, टेबलावर ठेवा. टॉर्च वरून न मारता बाजूने, अगदी आडवा मारा. खड्ड्यात सावली पडते आणि खोली दिसते. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा.

हातोडीचा आवाज झूमनेच खाल्ला असणार. माणसाचा आवाज सोडून बाकी सगळं ते गोंगाट समजून कापतं. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' आहे, तेवढ्यापुरतं ते चालू करा.

प्रतिसाद २

मी गिऱ्हाईकाच्या बाजूला बसतो, म्हणून तिकडचं सांगतो. आदल्या दिवशी त्याच हीट नंबरचे (भट्टीच्या त्याच ओतीतले) दोन पीस कुरिअरने पाठवा, एक अख्खा आणि एक कापलेला. दोन्हीकडे हातात वस्तू असली की वाद निम्म्यावर येतो. नोड्युलॅरिटीसाठी हातोडीवर विसंबू नका. १०० पट मोठा केलेला मायक्रोस्ट्रक्चरचा (धातूच्या आतल्या रचनेचा) फोटो आधीच मेल करा.

सुपरवायझरना त्या खोलीत बसवूच नका. साहेबांना विचारून त्यांना मशीनपाशी फोन घेऊन उभं राहायला सांगा, तेही इअरफोन लावून. पाच मिनिटं फक्त त्यांची, आणि तीही सुरुवातीलाच. उठायच्या आधी काय ठरलं, कोण करणार, कुठल्या तारखेला, हे स्क्रीनवर सगळ्यांसमोर टाइप करा. आम्ही हे करत नव्हतो तेव्हा प्रत्येक मीटिंगनंतर दोन फोन व्हायचेच.

नव्या पार्टचा पहिला पीस पास करून घ्यायचा असेल, प्रोसेस ऑडिट असेल, किंवा गिऱ्हाईकाकडचा माणूस बदलला असेल तर मात्र जा. तिथे व्हिडिओचा हट्ट धरू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फोनचा स्टँड आजच आणला. इथल्या इथे टॉर्च आडवा मारून बघितला, खड्ड्याचा तळ स्वच्छ दिसतो. काकांनाही दाखवलं, ते म्हणाले, "हे आधी का नाही केलं?" शुक्रवारच्या मीटिंगला त्यांनाच लॅपटॉपसमोर बसवणार आहे, हातोडी त्यांच्याच हातात. पीस उद्या कुरिअरला जातील.

एकच विचारायचं राहिलं. सुपरवायझरना मशीनपाशी फोन न्यायला सांगायचं, तर शॉपमध्ये कॅमेऱ्याला बंदी आहे. गेटवर आमच्याही फोनवर स्टिकर लावतात. परवानगी त्यांच्याकडे नेमकी कुणाकडून आणि कशी मागतात?